हनोईत फो खाताना आधी रस्सा विचारा

सकाळचे साडेसहा वाजलेत. जानेवारीतली हनोई आहे, स्वेटर घालूनही बोटं गारठली आहेत. जुन्या शहरातल्या एका अरुंद रस्त्यावर, फुटपाथवरच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर तुम्ही बसला आहात. स्टूल एवढं बुटकं, की गुडघे छातीशी येतात. आपल्या बालवाडीत असतात ना, अगदी तसलं. डावीकडे ऑफिसला निघालेला एक तरुण, उजवीकडे शाळेच्या गणवेशातली नात आणि तिची आजी. कुणाची कुणाशी ओळख नाही, टेबल मात्र एकच. कुणी बोलत नाही. फक्त फुर्र फुर्र आवाज येतो आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर वाफ असते.

तुम्ही ऑर्डर दिली न दिली तोच समोर वाडगा येतो. पांढऱ्या, चपट्या, तांदळाच्या नूडल्स. वर बारीक चिरलेली कांद्याची पात आणि कोथिंबीर. आणि त्या सगळ्याला बुडवून टाकणारा सोनेरी, आरपार दिसणारा रस्सा. वास नाकात शिरतो आणि तुम्ही चक्रावता, कारण हा वास परका नाही. हा तर आपल्या मसाल्याच्या डब्याचा वास आहे!

आता चमचा उचलण्याआधी एक मिनिट थांबा. मी थांबले नव्हते, आणि त्याचा त्रास माझ्या आईला झाला.

पोहे आणि फो

आम्ही इंदूरचे. घरात मराठी, दारात हिंदी. मी बंगळुरूला कंटेंट रायटर म्हणून नोकरी करते. पहिला बोनस हातात आला तेव्हा ठरवलं, आईला विमानात बसवायचं आणि देशाबाहेर न्यायचं. व्हिएतनाम निवडला कारण ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, मुंबईहून हनोईला थेट विमान आहे आणि खर्च माझ्या पगाराला झेपणारा होता. आईचं एकच म्हणणं होतं, "मला काय खायला घालशील ते आधी सांग."

आई शुद्ध शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. मी तिला शब्द दिला की, तुझ्या ताटाची जबाबदारी माझी.

जाण्याआधी मी तिला फोबद्दल सांगितलं. उच्चार तसा 'फो' नाही बरं का. 'फॅन'मधला 'फ' घ्या, तो जरा लांबवा आणि आवाज आधी खाली नेऊन मग प्रश्न विचारल्यासारखा वर आणा, 'फऽ?' आपल्याला एका दमात जमत नाही. मेनूकार्डावर 'फो' वाचायची सवय झालीय, म्हणून इथे 'फो'च लिहिते. आईने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आपले पोहेच की."

मी हसले खरी, पण ती फार चुकली नव्हती. दोन्ही तांदळाचे, दोन्ही सकाळचे. इंदूरला उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोह्यांची परात ठेवून सकाळभर गरम ठेवतात आणि लोक उभ्याउभ्या खाऊन कामाला जातात. हनोईत फोचा हंडा तसाच दुकानाच्या तोंडाशी असतो. पहाटे उघडतात, आणि बरीच दुकानं रस्सा संपला की दहा-अकरापर्यंत बंद. एका दुकानात बहुधा एकच पदार्थ. मेनू मागायचा नाही. काय मिळतं ते पाटीवरच लिहिलेलं असतं.

जुन्या शहरातल्या रस्त्यांची नावंही आईला लगेच आवडली. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक हा चांदीचा रस्ता, हांग मा कागदी वस्तूंचा, अशी ती नावं. आई म्हणाली, "आपला सराफा, आपला बर्तन बाजार." त्यानंतर तिला नकाशा लागला नाही. हांग बाकला ती शेवटपर्यंत सराफाच म्हणत होती.

"मांस नको" म्हटलं की झालं?

पहिल्या सकाळी मी तिला हॉटेलजवळच्या एका गर्दीच्या दुकानात घेऊन गेले. गर्दी आहे म्हणजे ताजं असणार, एवढी अक्कल मी लावली होती. पाटीवर लिहिलं होतं 'फो बो'. बो म्हणजे गोमांस, हे मला माहीत होतं. पण मी व्हिडिओ बघून दोन शब्द पाठ केले होते, 'खोंग थित', मांस नको. नूडल्स आणि सूप तेवढं आईला, असा माझा हिशोब.

दुकानदार बाईंनी मान डोलावली. त्यांचं काम बघत राहावं असं होतं. मूठभर नूडल्स जाळीच्या पळीत घ्यायच्या, उकळत्या पाण्यात बुडवायच्या, झटकायच्या, वाडग्यात टाकायच्या. वर मांसाचे पातळ काप, पात, कोथिंबीर. मग मोठ्या हंड्यातून रश्श्याची पळी, वरून धार धरून. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा नाही. आईच्या वाडग्यात त्यांनी मांस घातलं नाही. अगदी सांगितलं तसं.

आईने चमच्याने रस्सा चाखला आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, यात बाद्यान आहे! दालचिनी आहे. लवंग. मोठी वेलची असावी. आलं भाजून घातलंय." तिने एकेक मसाला ओळखला. आणि ती बरोबर होती. फोच्या रश्श्यात बाद्यान, दालचिनी, लवंग, धने आणि मसाला वेलचीचीच धुरकट वासाची एक बहीण पडते. आलं आणि कांदा थेट विस्तवावर काळे होईपर्यंत भाजतात, आपण वाटणासाठी कांदा-खोबरं भाजतो तसेच. व्हिएतनामच्या उत्तरेला लांग सोन प्रांत बाद्यानसाठी प्रसिद्ध आहे, आणि भारतात येणाऱ्या बाद्यानचा मोठा वाटा व्हिएतनाममधूनच येतो. तुमच्या गोड्या मसाल्यातलं ते चांदणीसारखं फूल कदाचित तिकडच्याच डोंगरावरचं असेल.

नूडल्सही तिने ओळखल्या. तांदळाचं पातळ पीठ कापडावर पसरून वाफवायचं, साल सोडवावी तसा तो पापुद्रा उचलायचा आणि त्याच्या पट्ट्या कापायच्या. "म्हणजे सालपापड्या, फक्त वाळवायच्या नाहीत," आई म्हणाली आणि खात राहिली.

तेवढ्यात त्या बाईंनी हंड्यात मोठा झारा घातला आणि तळातून काहीतरी वर काढलं. हाडं. हाताएवढी, पांढरी, मोठमोठी हाडं. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि नवी आत सोडली.

माझ्या पोटात खड्डा पडला. मांस तर नुसतं वरचं होतं. रस्सा हाच मूळ पदार्थ, आणि तो रात्रभर, कितीतरी तास, या हाडांवरच उकळतो. 'मांस नको' म्हणून मी फक्त सजावट काढून टाकली होती.

आईचा वाडगा अर्धा झाला होता. खरं सांगते, मी लगेच बोलले नाही. वाटलं, न सांगितलं तर? तिला कळणार नाही. ती इतकी खूश आहे, पहिलीच परदेशातली सकाळ आहे. तिने अजून दोन चमचे घेतले. मग माझ्याच्याने राहवेना.

"आई, थांब."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हंड्याकडे. चमचा खाली ठेवला. काहीच विचारलं नाही. बाईंना नमस्कार केला, पैसे द्यायला लावले आणि हॉटेलवर परत आली. अंघोळ केली, पोथी उघडून बसली. दुपारपर्यंत एक शब्द नाही.

दुपारी म्हणाली, "त्या बाईची चूक नाही. तू मांस नको म्हणालीस, तिने नाही घातलं. तुझीही म्हणायला चूक नाही, तुला माहीत नव्हतं." मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच पुढचा प्रश्न आला. "पण तुला कळल्यावर तू किती वेळ गप्प होतीस?"

"दोन चमचे," मी म्हणाले.

"मग ते दोन चमचे तुझ्या नावावर."

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? मलाही बंगळुरूत बसून असंच वाटलं असतं. पण त्या खोलीत बसून नाही वाटलं.

बिनवैमानिकाचा फो

त्या दुपारी बाहेर पडायचा धीर नव्हता. मी फोनवर फोविषयी वाचत बसले. आधी वाचायला हवं होतं ते नंतर वाचायची माझी जुनी सवय आहे. परीक्षेतही हेच व्हायचं.

फो काही प्राचीन पदार्थ नाही, शंभर-सव्वाशे वर्षांचा असेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई आणि तिच्या दक्षिणेकडच्या नाम दिन्ह भागात तो रूपाला आला. त्याआधी तिथला शेतकरी बैल कापून खाणारा नव्हता. बैल आणि रेडा नांगराला हवे. फ्रेंच राज्यकर्ते आले, त्यांना गोमांस लागे, आणि उरलेली हाडं स्वस्तात मिळू लागली. चिनी फेरीवाल्यांची नूडल्सची पद्धत त्यात मिसळली. 'फो' हा शब्द एका चिनी नूडल्सच्या नावावरून आला की फ्रेंच सूपच्या नावावरून, यावर अजून भांडणं आहेत. सुरुवातीचे विक्रेते खांद्यावर कावड घेऊन फिरत. एका बाजूला शेगडीवर उकळता हंडा, दुसऱ्या बाजूला वाडगे आणि नूडल्स.

१९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले आणि उत्तरेतून आठ लाखांहून जास्त माणसं दक्षिणेला गेली. त्यांच्याबरोबर फो सायगावला पोचला आणि तिथे बदलला. दक्षिणेत रस्सा गोडसर झाला, बाजूला मोड आलेल्या मुगाची ताटली आली, तुळशीच्या जातीची पानं आली, लिंबू आणि दोन-तीन सॉस आले. हनोईकरांना हे फारसं रुचत नाही. त्यांच्या फोमध्ये पात, कोथिंबीर, फार तर लसूण मुरवलेलं व्हिनेगर आणि मिरची. मिसळीवरून पुणे आणि कोल्हापूर जसे एकमेकांकडे बघतात, तसंच समजा. १९७५ नंतर पुन्हा लोक निघाले, या वेळी बोटींतून, अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियाकडे. परदेशातल्या काही फो दुकानांच्या नावात ५४ किंवा ७५ असा आकडा दिसला तर तो बहुधा घर सुटल्याचं साल असतो.

पण मला सगळ्यात लक्षात राहिली ती युद्धातली गोष्ट. १९६० च्या दशकात अमेरिकेशी लढाई सुरू होती तेव्हा हनोईतली फोची दुकानं सरकारी झाली होती. मांस मिळेना. वाडग्यात नुसत्या नूडल्स आणि पाणचट रस्सा. त्याच काळात अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी विमानं आकाशात फिरायची. हनोईच्या लोकांनी त्या बिनमांसाच्या फोला नाव दिलं 'बिनवैमानिकाचा फो'. वर बॉम्ब, हातात कूपन, आणि लोकांना विनोद सुचतोय!

हे मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग खुदकन हसली. "म्हणजे सकाळी मी तेच खाल्लं."

व्हिएतनामी लोकांचा आणखी एक विनोद आहे. तिकडे थट्टेत घरच्या बायकोला भात म्हणतात आणि बाहेरच्या प्रकरणाला फो. रोज भात खाऊन कंटाळला म्हणून फो खायला गेला, असं. हा मात्र मी आईला सांगितला नाही.

'चाय' म्हणजे चहा नव्हे

आता माझ्या मूर्खपणाचा कळस ऐका. आम्ही आलो त्याच संध्याकाळी हॉटेलच्या शेजारच्या गल्लीत आईने एक पाटी वाचली होती. इंग्रजी अक्षरांत 'चाय'. ती म्हणाली, "चल, चहा घेऊ." मी म्हणाले, "महागडा कॅफे असेल, उद्या बघू."

चाय म्हणजे चहा नव्हे. चाय म्हणजे शाकाहारी! चहाला हनोईत 'चा' म्हणतात. 'फो चाय' म्हणजे मांसच नव्हे तर हाडं, चरबी, माशाचा सॉस यातलं काहीही नसलेला फो. बौद्ध परंपरेतून आलेली ही पद्धत आहे. अनेक माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत. पंधरावा दिवस म्हणजे पौर्णिमा. कट्टर चाय स्वयंपाकात कांदा, लसूण, पातसुद्धा चालत नाही. हे ऐकून आई एकदम सरळ बसली. "म्हणजे यांचा बारा महिने चातुर्मास!"

तेव्हा शाकाहारी वाचकहो, हे लिहून ठेवा. 'खोंग थित' म्हणू नका. 'तोय आन चाय' म्हणा, म्हणजे मी शाकाहार घेते. पहिल्या वाक्याने फक्त मांसाचे तुकडे टळतात. दुसऱ्याने समोरच्याच्या डोक्यात अख्खा स्वयंपाक बदलतो. आणि जिथे एकाच हंड्यात एकच रस्सा आहे, तिथे मागूच नका. ती माणसं भिडेपोटी काहीतरी करून देतील आणि मग तुम्हीच अडचणीत याल. चायची पाटी शोधा. हनोईत ती शोधावी लागत नाही, फक्त तिचा अर्थ माहीत हवा.

माझं मांसाहारी वाचकांनाही एक सांगणं आहे. तुम्ही चिकन खाता पण गोमांस नाही, अशांची आपल्याकडे संख्या मोठी. तुमच्यासाठी 'फो गा' म्हणजे कोंबडीचा फो आहे. पण 'बो'च्या दुकानात जाऊन वर चिकन घाला म्हणू नका, रस्सा तोच असतो. ज्या पाटीवर फक्त 'फो गा' लिहिलंय तिथे जा. फो गाची कथाही गमतीची आहे. १९३९ च्या सुमारास हनोईत आठवड्यातले दोन दिवस, सोमवार आणि शुक्रवार, गोमांस विकायला बंदी होती. फोवाले त्या दिवशी काय करणार? कोंबडी घातली. जुन्या खवय्यांनी नाकं मुरडली, पण फो गा टिकला.

पौर्णिमेचा वाडगा

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पौषातली, शाकंभरी. हे मला नाही, आईला माहीत होतं. भाज्यांची देवी, त्या दिवशी भाज्यांचा नैवेद्य. ती म्हणाली, "आज खायचं असेल तर आजच."

चायच्या दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. बाकी दिवशी मांस खाणारी माणसंही आज इथे आली होती. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मालकीणबाई साठीच्या असतील. मी 'को ओय' अशी हाक मारली. 'ओय' म्हणजे आपलं 'अहो' किंवा 'अगं', आणि 'को' म्हणजे आत्या. व्हिएतनामी भाषेत अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारतात. वयाचा अंदाज घेऊन ताई, दादा, आत्या, आजी ठरवायचं. चुकलं तर आपल्यासारखीच पंचाईत. माझ्या फोनवरच्या भाषांतराच्या ॲपपेक्षा या एका शब्दाने जास्त काम केलं.

आई मात्र बसायला तयार नव्हती. "मला हंडा बघायचाय." मी कानकोंडी झाले. कुणाच्या दुकानात जाऊन तुमचं भांडं दाखवा म्हणायचं? पण सकाळचे दोन चमचे माझ्या नावावर होते. मी फोनवर लिहिलं, काल काय झालं ते थोडक्यात सांगितलं आणि स्क्रीन पुढे केली.

बाईंनी वाचलं. एकदा आईकडे पाहिलं. मग तिचा हात धरून तिला हंड्यापाशी घेऊन गेल्या आणि झाकण उचललं. आत मुळ्याचे जाड तुकडे, गाजर, मक्याची कणसं, कोबी, सुकवलेले मशरूम आणि कापडाच्या पुरचुंडीत मसाला. त्यांनी झारा तळापर्यंत घालून एकदा ढवळून दाखवला. हे आईने मागितलं नव्हतं. मग पुरचुंडी वर काढून आईच्या नाकाशी धरली. आई म्हणाली, "बाद्यान." बाई त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. दोघींनाही एकमेकींचं कळलं नव्हतं आणि दोघी माना डोलावत होत्या.

मग वाडगा आला. टोफूच्या तळलेल्या फोडी, मशरूम, कोथिंबीर. कांदा नाही, पात नाही. रस्सा हाडांच्या फोसारखा दाट चवीचा नसतो, हे प्रामाणिकपणे सांगते. तो हलका असतो, मुळा-मक्याचा गोडवा पुढे असतो आणि मसाला मागून येतो. आई म्हणाली, कटाची आमटी गाळून घेतली तर असं काहीसं लागेल. तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत प्यायली. असं प्यायलेलं तिथे चालतं.

खायची रीत सांगायची राहिली. उजव्या हातात चॉपस्टिक्स, डाव्या हातात चमचा. चॉपस्टिक्स जमत नसतील तर काटा मागायला लाजू नका. आधी नुसता रस्सा चाखा, मगच लिंबू पिळा किंवा मिरची घाला. चाखण्याआधी सॉस ओतला तर हनोईत बनवणाऱ्याचा अपमान केल्यासारखं दिसतं. नूडल्स गरम असतानाच संपवायच्या, नाहीतर त्या रस्सा पिऊन फुगतात. फोटो काढत बसलात तर तुमचंच नुकसान. पैसे खाऊन झाल्यावर द्यायचे. साध्या दुकानात एका वाडग्याचे ५० ते ७० हजार डोंग होतात. आकडा ऐकून घाबरू नका, साधारण ३०० डोंग म्हणजे एक रुपया. नोटांवरची शून्यं मोजून आई रोज एकदा म्हणायची, "आपण लखपती झालो गं."

शेवटची सकाळ

चार दिवस आई रोज चायच्या दुकानात गेली. तिसऱ्या दिवशी तर ती मला न उठवता एकटीच जाऊन खाऊन आली. पैसे किती दिले विचारलं तर म्हणाली, "नोटा पुढे धरल्या, त्यांनी हव्या तेवढ्या घेतल्या."

मला मात्र फो गा खायचा होता. आणि इथे माझी खरी अडचण होती. मी चार वर्षांपासून चिकन खाते. बंगळुरूच्या पीजीत सुरू झालं. घरी कुणालाही माहीत नव्हतं. म्हणजे, मला तसं वाटत होतं. मी आईला रोज शाकाहारी दुकानात सोबत करत होते आणि मनात कोंबडीच्या रश्श्याचा वास घोळवत होते. आई झोपली असताना पहाटे गुपचूप जाऊन येणं सोपं होतं. दुकान चार मिनिटांवर होतं, मी बघून ठेवलं होतं.

शेवटच्या दिवशी पहाटे पाच वाजता मी उठले, जॅकेट घातलं, दाराच्या कडीला हात लावला. आणि परत येऊन पलंगावर बसले. ती जागीच होती.

"आई, मी चिकन खाते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीत तुझ्या फोनवरून माझ्यासाठी इडली मागवलीस ना, तेव्हा खाली जुन्या ऑर्डरी दिसल्या."

मग ती उठली, शाल घेतली, पिशवीतून इंदूरच्या शेवेची पुडी आणि दोन केळी काढली. मी म्हणाले, तू कशाला येतेस, तुला वास सहन होणार नाही. ती म्हणाली, "मी माझं खाईन."

फो गाचं दुकान अजून अर्धं झोपेत होतं. शटर अर्धवट वर, आत पिवळा दिवा. काचेच्या कपाटात उकडलेल्या कोंबड्या टांगल्या होत्या. आईने तिकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर बसली. गुडघे छातीशी, शाल घट्ट. दुकानदार दादांनी न विचारता तिच्यापुढे गरम चहा ठेवला, बिनदुधाचा, हिरवट. तिने तो हुंगला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि आणखी एक घोट घेतला.

माझा वाडगा आला. रस्सा बोच्या फोपेक्षा फिकट, वर लिंबाच्या झाडाची पानं केसासारखी बारीक चिरलेली. दादांनी टेबलावर दोन चमचे ठेवले होते, एक माझ्यासाठी, एक आईसाठी. आईने आपला चमचा उचलून पुन्हा डब्यात ठेवला.

मी चॉपस्टिक्स हातात घेऊन नुसती बसले होते. आईने शेवेची पुडी दातांनी फोडली.

"गार होतंय," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "खा."